शेजारगट कसा उभा करायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूर, साथ, दंगल, दुष्काळ, कारखाना बंद पडणं, नाहीतर एखाद्या घरातलं लांबलेलं आजारपण. अशा काळात एका जिन्यातल्या, चाळीतल्या किंवा वाडीतल्या लोकांनी एकमेकांना कसं सांभाळावं, याबद्दल सतत येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं शहरातल्या सोसायटीला आणि गावातल्या आळीला दोन्हीकडे चालतील अशी आहेत. जिथे फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे.

सोसायटीची कमिटी आहे, महिला मंडळ आहे, गणेश मंडळ आहे. मग हे आणखी कशाला?

कमिटी पाण्याची टाकी, लिफ्ट आणि मेंटेनन्स बघते. मंडळाकडे दहा दिवस माणसं भरपूर असतात, अकराव्या दिवशी मांडव सोडायला चौघं उरतात. शेजारगट म्हणजे १५ ते २० घरं आणि तीन कामं: कोणत्या घरात कोण राहतं हे ठाऊक असणं, ठरल्या दिवशी दार वाजवणं, आणि अडचण आली तर पहिल्या दोन तासांत कोण काय करणार हे आधी ठरलेलं असणं.

यात नवं काही नाही. शेतीत सावड आहे, इर्जिक आहे, बैल-माणसांचा वारंगुळा आहे, म्हणजे एकमेकांच्या शेतावर कामाला जाण्याच्या जुन्या रीती. ज्या घरात माणूस गेलं तिथे चूल पेटत नाही आणि शेजारून पिठलं-भात येतो, हेही सगळ्यांना माहीत आहे. फ्लॅटची दारं बंद राहू लागल्यावर ही रीत ओळखीच्या दोन-तीन घरांपुरती उरली. नव्याने आलेला भाडेकरू आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एकट्या आजी तिच्या बाहेर पडल्या.

सगळं सावकाश करा असं का सांगता? संकटात तर धावपळच करावी लागते.

जीव वाचवण्याची धावपळ काही तासांची असते. ती अग्निशमन दल, एनडीआरएफ आणि त्या क्षणी शेजारी असलेला माणूस करतो. त्यानंतरचं काम मात्र लांबत जातं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. पाणी ओसरल्यावरही चिखल, पंचनामे, विम्याचे कागद, भिजलेली दुकानं आणि झोप उडालेली माणसं मागे राहिली, आणि त्याला महिने लागले.

बहुतेक ठिकाणी चित्र सारखंच दिसतं. पहिल्या आठवड्यात चाळीस स्वयंसेवक, तिसऱ्या आठवड्यात चार. जी माणसं पहिले तीन दिवस झोपलीच नाहीत, तीच आधी गळतात आणि गळताना भांडून जातात. म्हणून साधा हिशेब ठेवा: तुमच्या सगळ्यात वाईट आठवड्यातही जे जमेल, तेवढंच कबूल करा. रोज दोन फोन कबूल करून वर्षभर केले तर एखादं घर सावरतं. रोज दहा फोन कबूल करून आठ दिवसांत थांबलात तर त्या घरांना वाटतं, आता आपल्याला कोणी नाही.

सुरुवात कुठून करायची?

व्हॉट्सॲप ग्रुपपासून नको. ग्रुप आधी काढला की पहिल्याच आठवड्यात शुभ सकाळ, राजकारण आणि पार्किंगचं भांडण येतं, अर्धे लोक तो म्यूट करतात, आणि खरा निरोप येतो तेव्हा कुणी बघत नाही. सुरुवात दारापासून करा.

पहिले दोन रविवार सकाळी ११ ते १ या वेळात घरोघर जा. दुपारी लोक आडवे होतात आणि संध्याकाळी स्वयंपाक किंवा मालिका असते. दोघांनी मिळून जा, शक्यतो एक बाई आणि एक पुरुष, आणि त्यातला एक चेहरा तरी त्या घराच्या ओळखीचा असावा. पाचच गोष्टी विचारा: घरात किती जण असता, दिवसा एकटं कोण असतं, रोजचं न चुकणारं औषध कुणाला आहे का, अडीअडचणीला पहिला फोन कुणाला करायचा, आणि तुम्हाला काय करता येईल. शेवटचा प्रश्न गाळू नका. ज्यांना आपण मदत घेणारे समजतो त्या आजींना नऊवारी शिवता येते, तान्ह्या बाळाला अंघोळ घालता येते, नाहीतर बँकेचा फॉर्म भरता येतो.

आधार क्रमांक, उत्पन्न आणि जात विचारू नका. आजाराचं नावही विचारू नका, त्यांनी आपणहून सांगितलं तर ऐकून घ्या.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गच्चीवर किंवा पारावर चाळीस मिनिटं बसा. एका माणसाकडे पाच दारं यावीत. वीस घरांना चार जण आणि वर एक राखीव. घरं पंचवीसच्या पुढे गेली तर दोन गट करा. मोठ्या गटात, दुसरं कोणीतरी बघेल असं प्रत्येकाला वाटतं आणि कोणीच बघत नाही.

वहीत नेमकं काय लिहायचं?

दोनशे पानी साधी वही घ्या. एका घराला समोरासमोरची दोन पानं. डाव्या पानावर न बदलणारी माहिती, उजव्या पानावर तारीखवार नोंद. नोंद दोन ओळींपलीकडे जाऊ देऊ नका, उदाहरणार्थ:

मंगळवार, सकाळ १०. तिसरा मजला, काकू. पाय सुजलाय. डॉक्टर गुरुवारी ५ वाजता. रिक्षा आणि सोबत कोण? (ठरलं: पहिल्या मजल्यावरची वहिनी.)

कंसातलं शेवटचं वाक्य नसेल तर ती नोंद अपुरी आहे. “बघू” असं लिहिलेली कामं होत नाहीत. वही एकाच घरात राहते, तिचे फोटो काढून पाठवायचे नाहीत, आणि एखाद्या घराने सांगितलं की आमचं पान फाडा, तर त्यांच्यासमोर फाडायचं.

फोन केला तर सगळे “बरं आहे” म्हणतात. पुढे काय बोलायचं?

“बरं आहे ना?” या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे “हो, बरं आहे” हेच असतं, मग अंगात ताप असो. त्यापेक्षा विचारा, “आज जेवायला काय केलंत?” किंवा “काल रात्री डोळा लागला का?” “छे, आज काही केलंच नाही, चहा-बिस्किट घेतलं” असं दोन दिवस लागोपाठ ऐकलंत तर तिसऱ्या दिवशी फोन करू नका, डबा घेऊन जा. बाहेर उभं राहून आवाज देण्यापेक्षा आत जाऊन पाणी मागा. पाणी आणून देईपर्यंत माणूस कसं चालतंय, ओटा कसा आहे, औषधाच्या पट्टीतल्या किती गोळ्या संपल्यात, हे सगळं दिसतं.

एकट्या राहणाऱ्यांसाठी खुणेचा नियम ठरवा. सगळ्यात सोपी खूण म्हणजे दुधाची पिशवी. सकाळी ९ नंतरही ती दाराशी दिसली तर बेल वाजवा, पाच मिनिटांनी फोन करा, आणखी दहा मिनिटांनी किल्ली आणा.

किल्ली शेजारी ठेवणं सुरक्षित आहे का?

जाड पाकिटात घालून, चिकटवलेल्या जागेवर घरमालकाची सही आणि वर चिकटपट्टी लावून ठेवली तर पाकीट उघडलं गेल्याचं लगेच कळतं. पाकीट उघडताना दोघं हजर हवेत आणि वहीत वेळ लिहायची.

खरी अडचण वेगळीच असते. रात्री आतून कडी लावलेली असली की किल्लीचा काही उपयोग नाही. बाथरूममध्ये पडलेल्या माणसापर्यंत पोचायला मग दार फोडावं लागतं आणि त्यात अर्धा-पाऊण तास जातो. एकट्या माणसाने बाहेरून किल्लीने उघडणारं लॅच वापरावं आणि आतली वरची कडी लावू नये. ज्यांना कडीशिवाय झोपच येत नाही त्यांनी निदान बाथरूमची कडी लावू नये.

मुलं अमेरिकेत आणि आईवडील पुण्यात, अशी तीन-चार घरं आहेत. त्यांच्यासाठी वेगळं काही?

हो. मुलांना आधीच तीन गोष्टी लेखी द्यायला सांगा: कोणत्या इस्पितळात न्यायचं, विम्याचं कार्ड कुठे आहे, आणि ते विमानात असताना इथे निर्णय कोण घेणार. तिसऱ्या ठिकाणी नाव भाऊ-बहीण, भाचा असं नातलगाचं हवं. ऑपरेशनच्या कागदावर सही करायची वेळ आली की इस्पितळ नातं विचारतं, आणि “शेजारी आहोत” म्हटलं की कागद परत जातो. अनामत रकमेसाठी काही पैसे आईवडिलांच्या जॉइंट खात्यात ठेवायला सांगा. शेजाऱ्याच्या खात्यात नको, त्यातून पुढे गैरसमज होतात.

वीज बराच वेळ गेली तर कोणाकडे आधी बघायचं?

घरी ऑक्सिजनचं यंत्र चालू असलेल्या माणसाकडे. मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन देणारं यंत्र साधारण ३०० ते ३५० वॅट खातं. इन्व्हर्टरच्या १५० एएचच्या एका चांगल्या बॅटरीवर ते तीन-चार तास चालतं, जुन्या बॅटरीवर जेमतेम दोन. तेवढ्यात भरलेलं सिलिंडर आणि त्याचा रेग्युलेटर हाताशी हवा. रेग्युलेटर बसवणारा पाना बहुतेक घरांत सापडत नाही, म्हणून तो दोरीने सिलिंडरलाच बांधून ठेवा.

त्यानंतर इन्सुलिन. न उघडलेल्या कुपीला २ ते ८ अंश तापमान लागतं. वापरात असलेली कुपी साधारण चार आठवडे बाहेर चालते (नेमका काळ खोक्यावर छापलेला असतो), पण कडक उन्हाळ्यात नाही. मोठ्या माठात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, मडक्यात प्लॅस्टिकच्या डबीत इन्सुलिन, वरून ओलं सुती फडकं. हे सावलीत आणि वाऱ्याला ठेवलं की मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत चांगलं चालतं. कोकणात पावसाळ्यात हवाच दमट असते, त्यामुळे फार फरक पडत नाही. तिथे थर्मास आणि बर्फ वापरा, पण कुपी बर्फाला टेकू देऊ नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकूनच द्यायचं.

पुराचं पाणी उतरलं. पहिल्या दिवशी काय करायचं?

इथे क्रम चुकला की नुकसान दुप्पट होतं, म्हणून जरा सविस्तर.

मेन स्विच बंद असल्याची खात्री झाल्याशिवाय घरात पाय टाकू नका. मीटर भिजला असेल तर वायरमनने बघेपर्यंत वीज सुरू करायची नाही. सिलिंडर बाहेर काढा.

साफसफाईच्या आधी फोटो. लोकांना घर धुवायची घाई असते आणि पंचनाम्याला तलाठी येतात तेव्हा दाखवायला काहीच उरलेलं नसतं. प्रत्येक खोलीत भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असा एक फोटो घ्या, रेघेजवळ माणूस उभा करून, म्हणजे उंची कळते. फ्रीज, मशीन, धान्याची कोठी, दुकानातला माल यांचे वेगळे फोटो घ्या. विमा असेल तर त्याच दिवशी कळवा आणि तक्रार क्रमांक वहीत लिहा.

मग चिखल. तो ओला असतानाच काढायचा. घोटाभर पाणी असतानाच फावड्याने आणि खराट्याने ढवळून पाण्याबरोबर बाहेर ढकलला तर दोन माणसं एका खोलीला तासभरात मोकळी होतात. दोन दिवस वाळू दिला तर तोच चिखल पहारीने खणावा लागतो. एका घराला चार जण, एक तास काम आणि पंधरा मिनिटं विश्रांती. म्हातारी माणसं आणि एकट्या बायका राहतात ती घरं आधी घ्या. धडधाकट माणसं आपलं घर आपण उरकतात.

फरशी आधी साबणाने धुवायची, मग एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम, म्हणजे सपाट तीन मोठे चमचे ब्लीचिंग पावडर विरघळवून पुसायची. चिखलावरच पावडर भुरभुरली तर ती वाया जाते. ब्लीचिंग आणि संडास धुवायचं ॲसिड एकत्र करू नका, त्यातून निघणाऱ्या वायूने छाती कोंडते.

गमबूट घाला. पायाला जखम असताना पुराच्या पाण्यात उतरलेल्या प्रत्येकाने ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून लेप्टोची (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची) प्रतिबंधक गोळी विचारावी. ताप येईपर्यंत थांबू नये. कागदपत्रं भिजली असतील तर ओली पानं एकमेकांपासून ओढू नका, फाटतात. गठ्ठा सावलीत पंख्याखाली उभा ठेवा आणि पानं सुटी होतील तशी मध्ये कोरा कागद घाला.

पूरग्रस्तांसाठी काय पाठवावं?

विचारून पाठवा. प्रत्येक पुरात चौथ्या दिवशी रस्त्याकडेला जुन्या कपड्यांचे ढीग भिजत पडलेले दिसतात, त्यात लग्नातल्या शेरवान्याही असतात. ते निवडायला आणि उचलायला पूरग्रस्तांनाच माणसं लावावी लागतात. पहिल्या आठवड्यात लागतात फावडी, घमेली, खराटे, गमबूट, रबरी हातमोजे, ब्लीचिंग पावडर, नवे अंतर्वस्त्र, सॅनिटरी पॅड, टॉर्च, काडेपेट्या आणि दोरी. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गाद्या, कुकर, शालेय वह्या. महिन्याने रोख पैसे आणि कागद भरायला माणूस. महिन्यानंतरची मदत सगळ्यात कमी येते, म्हणून लांबच्या गटाने तीच उचलावी.

पन्नास माणसांना पुरेल इतकी खिचडी किती?

तांदूळ ४ किलो, मूगडाळ २ किलो, पाणी १८ ते २० लिटर, तेल पाऊण लिटर, मीठ २०० ग्रॅमपासून सुरू करून चव बघत, हळद २५ ग्रॅम, जिरं ५० ग्रॅम, हिंग. टोप ४० लिटरचा हवा. त्याहून लहान घेतला तर उतू जाते आणि ढवळताही येत नाही. सिलिंडर व्यापारी, १९ किलोचा. घरगुती सिलिंडर अशा कामाला वापरणं नियमाबाहेर आहे आणि मोठ्या शेगडीला त्याच्या रेग्युलेटरचा दाबही पुरत नाही.

पाणी वेगळ्या टोपात आधी उकळत ठेवा. गार पाणी ओतलं की तांदूळ वरून कच्चा आणि खालून गिच्च होतो. डाळ तळाशी बसते आणि तीच करपते, म्हणून उकळी आल्यावर लांब दांड्याचा झारा तळापर्यंत नेऊन दर तीन-चार मिनिटांनी फिरवायचा. वर पाणी दिसत असतानाच गॅस बंद करा, पंधरा मिनिटांत आपोआप आळते. खाली लागलीच तर खरवडू नका, वरची खिचडी हळूच दुसऱ्या टोपात काढा. एकदा करपट तळ ढवळला गेला की सगळ्या टोपाला वास लागतो.

ओलं खोबरं घालू नका, खिचडी लवकर आंबते. बटाटाही नको. तयार झाल्यापासून दोन तासांत पानात पडली पाहिजे. गरम खिचडी घट्ट झाकणाच्या डब्यात भरून तीन-चार तास फिरवली तर दिसायला चांगली दिसते आणि रात्री वीस जणांना जुलाब होतात. लांब न्यायचं असेल तर चपाती-चटणी बरी.

आणि रोज खिचडी करू नका. तिसऱ्या दिवशी लहान मुलं ताट सरकवतात. एक दिवस पिठलं-भाकरी, एक दिवस मटकीची उसळ. भाकऱ्या घरोघरून मागवा, एका घरातून दहा. त्यामुळे ज्यांना बाहेर पडता येत नाही त्या बायकांचाही हातभार लागतो.

एकत्र स्वयंपाकात जात-धर्म आडवा येतो. काय करावं?

येतोच. तो येत नाही असं धरून चाललात तर एका वस्तीतली माणसं काही न बोलता जेवायला येणं बंद करतात. स्वयंपाक, वाढप आणि पाण्याचा हंडा ही तिन्ही कामं पहिल्या दिवसापासून सगळ्या वस्त्यांतल्या माणसांकडे मिसळून द्या. “वाढायला आमची माणसं, धुवायला त्यांची” असं झालं तर तिथेच थांबवा. एका रांगेत, एका पंक्तीत. त्यावर अडून बसणाऱ्याला शिधा घरी द्या, पण त्याच्यासाठी पंगत वेगळी करू नका. काय खायचं याचा मान ठेवावा, त्यासाठी साधं शाकाहारी जेवण पुरतं. कुणाच्या हातचं खायचं यावर सवलत देऊ नये.

मदतीची यादीही वस्तीवार करा. गावात गाडी येते ती देवळापाशी थांबते, आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीपर्यंत माल पोचेपर्यंत संपतो. म्हणून वाटप लांबच्या टोकापासून सुरू करा.

साथीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर?

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरला आणि छोटं २०० मिलीला असतं. एक लिटरचं पाकीट एका ग्लासात घालणं ही नेहमीची चूक, त्याने त्रास वाढतो. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. पाणी खळखळून उकळू द्या. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. लघवी सहा तास झाली नाही, डोळे खोल गेले, किंवा मूल निपचित पडलं, तर घरगुती उपाय थांबवून दवाखाना.

माणूस खचलंय असं दिसतं. आपण काही डॉक्टर नाही, मग बोलायचं काय?

थोडंच बोला. जवळ बसा, पाणी द्या, काय झालं ते खोदून विचारू नका. सांगायला लागलं तर मध्ये तोडू नका. “देवाची इच्छा”, “दुसऱ्यांचं बघ, त्यांचं किती गेलं”, “तू खंबीर राहा” ही तीन वाक्यं टाळा. त्यापेक्षा “उद्या दहा वाजता येते, बँकेत सोबत जाऊ” हे जास्त कामाचं, आणि मग दहा वाजता खरंच जायचं.

जगण्यात अर्थ नाही असं कोणी बोललं तर सरळ विचारा, “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर एकटं सोडू नका आणि १४४१६ वर टेलि-मानसला फोन लावा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. गावात फवारणीचं औषध आणि त्या खोलीची किल्ली शेजारच्या घरात हलवा. दुसरं काही सुचलं नाही तरी एवढं त्याच संध्याकाळी करा.

शेजारी मृत्यू झाला. गटाने नेमकं काय उचलावं?

पहिल्या दिवशी: डॉक्टरचा दाखला, शववाहिनी, स्मशानातली वेळ, नातेवाइकांना फोन. फोनचं काम बाहेरच्या एकाने घ्यावं आणि घरच्यांचा मोबाइल मागून घ्यावा. लहान मुलं दुसऱ्या घरी जेवू-झोपू द्या, पण काय झालं ते त्यांना खरं सांगा.

दहा-तेरा दिवस डब्यांची पाळी लावा. एका दिवशी पाच घरून डबे येतात आणि तीन दिवस एकही येत नाही, असं पाळी न लावल्यामुळे होतं. २१ दिवसांच्या आत मृत्यूची नोंद झाली पाहिजे. दाखल्याच्या दहा प्रती काढा. बँक, विमा, पेन्शन, रेशनकार्ड, वीजमीटर सगळीकडे लागतात. तेराव्यानंतर माणसं थांबतात, तेव्हा गटाचं खरं काम सुरू होतं. दीड महिन्याने आणि पहिल्या दिवाळीला त्या घरी जायचं, हे वहीत आत्ताच लिहा.

पैसे गोळा करायचे का?

थोडे. वीस घरांचे महिन्याला शंभर रुपये म्हणजे दोन हजार. रिक्षा, औषधाची पट्टी, रात्रीचं दूध एवढ्याला पुरतात. पैसे एकाकडे, वही दुसऱ्याकडे. महिन्याच्या पहिल्या रविवारी हिशेब मोठ्याने वाचायचा, बाकी तीस रुपये असली तरी. एकाच माणसाच्या यूपीआयवर सगळं येऊ लागलं की तो कितीही सरळ असला तरी संशय येतोच. हजाराच्या आतली मदत परत मागू नये, त्यावरची उसनवारी गटाने करू नये. त्यासाठी बचत गट आणि भिशी आहेत. आपसातली वर्गणी वेगळी आणि बाहेर जाहीर निधी उभारणं वेगळं. जाहीर निधी उभारण्याआधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात विचारा.

गावात तणाव आहे, व्हॉट्सॲपवर काहीबाही फिरतंय. शेजारगट काय करू शकतो?

१९७० आणि १९८४ च्या दंगलींनी पोळलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं एकत्र बसू लागली. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. बैठकी शांततेच्या काळात सुरू झाल्या होत्या, म्हणून त्यांचा उपयोग झाला. दगडफेक सुरू झाल्यावर कमिटी स्थापता येत नाही.

तुमच्या पातळीवर दोन गोष्टी करा. पलीकडच्या गल्लीतल्या दोन माणसांचे नंबर आणि ओळख आत्ताच हवी. आणि ग्रुपवर नियम हवा: कुठे, कधी, स्वतः कोणी पाहिलं, ही तीन उत्तरं नसलेला निरोप पुढे जाणार नाही. पाठवणाऱ्याला सगळ्यांसमोर झापू नका, फोन करून विचारा. बहुतेकांनी तो घाबरून पाठवलेला असतो.

कामाला येणाऱ्या ताई, वॉचमन, भाड्याने राहणारी मुलं गटात धरायची का?

धरायची. दिवसा कोणाच्या घरात काय चाललंय हे ताईंना आणि वॉचमनला कमिटीपेक्षा जास्त माहीत असतं. पण माहिती घ्यायची आणि त्यांच्या घरी पाणी शिरलं तेव्हा “कामावर का नाही आलात” विचारायचं, असं चालणार नाही. त्यांची घरंही वहीत हवीत आणि संकटातल्या सुट्टीचा पगार कापायचा नाही, हे गटात आधी ठरवून टाका.

एकच बाई सगळं करते आणि बाकीचे कौतुक करतात. काय करावं?

कौतुक थांबवून पाच दारं वाटून घ्या. प्रत्येकाला चार आठवड्यांतून एक आठवडा पूर्ण सुट्टी, आणि त्या आठवड्यात राखीव माणूस फोन करेल. थकल्याची लक्षणं लवकर दिसतात: ती सगळ्यांवर चिडते, काम दुसऱ्याला देत नाही, वही घरी कोणाला दाखवत नाही. तेव्हा तिला समजावू नका, तिच्या घरी डबा पोचवा आणि वही आठवडाभर मागून घ्या. “या महिन्यात नाही जमणार” हे कारण न देता म्हणता आलं पाहिजे.

गट थंड पडला. परत सुरू करावा का?

दर वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी एकदा वही उघडा: कोण आलं, कोण गेलं, कुणाचे नंबर बदलले, छतावरची पन्हाळी साफ आहेत का. एवढं झालं तरी पावसाळ्याला पुरतं. मधले महिने थंड गेले तर जाऊ द्या.

दारामागे कोणते नंबर लावावेत?

११२ सगळ्या तातडीसाठी, १०८ रुग्णवाहिका, १०७७ जिल्हा आपत्ती कक्ष (मुंबईत १९१६ महापालिका), १४४१६ टेलि-मानस, १४५६७ ज्येष्ठ नागरिकांसाठी, १०९८ मुलांसाठी, १८१ महिलांसाठी. त्याखाली तुमच्या पाच दारांच्या माणसाचा नंबर, राखीव माणसाचा नंबर, आणि तुमच्या घराचा पत्ता खुणेसकट: “पिठाच्या गिरणीमागे, निळं गेट”. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता आठवत नाही. अक्षर मोठं काढा, चष्म्याशिवाय वाचता येईल असं, आणि शाईच्या पेनाने लिहू नका, पावसाळ्यात भिंतीला ओल येते आणि सगळं पसरतं.